सबनीसाच्या पिस्तुलाचा विमा

सबनीस मेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक फोन करत बसतील. तो धडधाकट आहे, न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला लेकीकडे राहतो आणि तिथल्या लोकांना पिडतो. पण इथं टेक्सासमध्ये आमच्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळाचा आठवणींचा अंक काढणाऱ्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "जगतापकाका, काकूंवर चार पानं लिहा." मी म्हटलं, जमणार नाही. बायकोवर, मंदावर लिहायला बसतो, पेन उचलतो आणि तसाच खाली ठेवतो. माझं शिक्षण सातवी, जन्म गेला कराडजवळ पिठाची गिरणी चालवण्यात, आता इकडं मुलाकडं राहतो. "मग दुसऱ्या कुणावर लिहा," बाई म्हणाल्या. दुसरा माणूस म्हणजे सबनीसच. दुसरा आहेच कोण?

आमच्या घराला लागून त्याचं घर होतं. उंचीनं बेताचा, अंगानं काटकुळा. एक चष्मा कपाळावर, एक नाकावर. कपाळावरचा लांबचं बघायला, नाकावरचा बारीक अक्षरं वाचायला. बारीक अक्षर म्हणजे त्याचा जीव. बिस्किटाचा पुडा फोडायच्या आधी मागचं सगळं वाचणार, तोवर आपला चहा गार. दिवाळीचे दिवे लावायला शिडीवर चढला तर डोक्यावर सायकलचं हेल्मेट. खाली शिडी धरून त्याची बायको नलूवहिनी, त्यांच्याही डोक्यावर हेल्मेट. का, तर "मी पडलो तर हिच्यावरच पडणार ना, जगताप!"

आणि विमा. घराचा, गाडीचा, दातांचा तर होताच, पण फोनचा, कपडे धुवायच्या मशीनचा, जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपाचासुद्धा होता. पुण्यात असताना गणपतीच्या मूर्तीचा विमा उतरवायला गेला होता म्हणे. दीड दिवसानं विसर्जन आहे म्हटल्यावर त्या लोकांनी त्याला बाहेर काढला. मंदा म्हणायची, "हा माणूस पावसात छत्रीवर छत्री धरेल."

मंदा गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. जो येईल तो खांद्यावर हात ठेवायचा आणि धीर धरा म्हणायचा. धीर काय बसचा दांडा आहे धरायला? सबनीस आला, शेजारच्या खुर्चीत बसला. खिशातून दातांच्या विम्याचं पुस्तक काढलं आणि मला मराठी करून वाचून दाखवायला लागला. "अक्कलदाढ धरत नाहीत बघा. आता कवळी. कवळीचं काय म्हणतात..." कितीतरी दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, तो मी त्या खुर्चीत झोपलो. जाग आली तेव्हा तो हळू आवाजात अजून वाचतच होता. तर असा माणूस.

आता पिस्तुलाचं.

आमच्या गल्लीत दारासमोरची पार्सलं चोरीला जायला लागली. कुणाचे बूट गेले, कुणाचं काय. सबनीसाचं मेतकूट गेलं. नलूवहिनीच्या बहिणीनं ठाण्याहून पाठवलेलं, घरी केलेलं. सबनीसाला चोरीपेक्षा याचं वाईट वाटलं, की चोरानं ते उघडून वास घेऊन फेकून दिलं असणार.

समोर अर्ल राहायचा. खरा टेक्सासवाला, पोट पुढे, टोपी मागे, दारात घराएवढा ट्रक. तो म्हणाला, "सॅब, एक गन घेऊन टाक."

"छे छे," सबनीस म्हणाला. "आपलं काम नव्हे ते."

"बरोबर आहे तुझं. गोळी सोपी, नंतरचं अवघड." मग अर्लनं त्याच्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली. मेव्हण्याच्या गोठ्यात माणूस शिरला, अंगावर आला, मेव्हण्यानं गोळी घातली. कायद्यानं चूक नव्हती, तसं शेवटी कोर्टही म्हणालं. पण तोवर वकिलांनी जमीन, जनावरं, सगळं खाल्लं. "म्हणून आता आम्ही सगळे इन्शुरन्स ठेवतो. स्वतःला वाचवायला गोळी घातली तर वकील त्यांचा, खर्च त्यांचा. फोन केला की दिवस असो रात्र असो, वकील लायनीवर."

मी तिथंच उभा होतो. इन्शुरन्स हा शब्द ऐकल्यावर सबनीसाच्या दोन्ही चष्म्यांत चमक आली.

"अशा गोष्टीचा विमा असतो?" त्यानं विचारलं. एखाद्याला आपली हरवलेली बहीण जिवंत आहे हे कळावं तसं.

त्याच आठवड्यात त्यानं तो विमा घेतला. पिस्तूल नव्हतंच अजून. जाड पुस्तक आलं, पाकिटात ठेवायचं कार्ड आलं. पुस्तक वाचून काढलं आणि मग मला म्हणतो, "जगताप, विमा नुसता वाया चाललाय." मग पिस्तूल आणलं. दावं मिळालं म्हणून म्हैस घेतलेला माणूस मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

त्याची मुलगी केतकी इकडेच जन्मलेली, डॉक्टर आहे. तिची चार वर्षांची मीरा, सबनीसाची एकुलती एक नात. उन्हाळ्यात आणि दिवाळीला यायची. ती आली की सबनीस विम्याचं नावसुद्धा काढायचा नाही. घोडा व्हायचा, हत्ती व्हायचा, एकदा तर दिवसभर बस झाला होता आणि नलूवहिनीला तिकीट काढल्याशिवाय स्वयंपाकघरात जाऊ देत नव्हता. पोर अशी, की घरातला एक खण उघडल्याशिवाय सोडायची नाही.

केतकीला पिस्तुलाचं कळलं. फोन आला तेव्हा मी तिथं चहा पीत होतो, फोन स्पीकरवर होता.

"बाबा, आर यू सिरियस?"

"अगं तिजोरीत आहे. लोखंडी. नंबर लावल्याशिवाय उघडत नाही."

"नंबर काय आहे?"

"कुणाला कळणार नाही असा आहे."

"मीराचा बर्थडे?"

सबनीस माझ्याकडे बघायला लागला. "तुला कसं कळलं?"

"बाबा, तुमचे सगळे पासवर्ड तेच आहेत! मीरालासुद्धा माहिती आहे, तिनं तुमचा आयपॅड उघडलाय!"

"पण बाळा, इन्शुअर्ड आहे. पूर्ण."

मग ती म्हणाली, "जोपर्यंत ते घरात आहे, आम्ही येणार नाही. दिवाळीलापण नाही. आय मीन इट." आणि फोन बंद.

"येईल," सबनीस म्हणाला. "तिनं कलमं वाचलेली नाहीत ना, म्हणून." त्यानं तिजोरीचा नंबर बदलला. नवा नंबर लक्षात राहीना म्हणून कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला. नलूवहिनीनं तो कागद बघितला, नवऱ्याकडं बघितलं आणि माझ्या चहात साखर घालायला विसरल्या.

त्या विम्याच्या पुस्तकात सांगितलं होतं, की प्रसंग आला तर पोलिसांशी कमी बोला, नाव सांगा, वकील येऊ दे म्हणा, बस्स. सबनीसाला कमी बोलणं येत नव्हतं, म्हणून सराव सुरू झाला. एका रविवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये. मी चोर, नलूवहिनी पोलीस. पिस्तूल तिजोरीत, हातात टीव्हीचा रिमोट.

मी दारातून आत आलो आणि टीव्हीला हात घातला.

"थांबा," सबनीस म्हणाला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर, नाकावरचा कपाळावर करायला लागला.

"अहो, चोराला अहोजाहो काय करता?" पोलीस म्हणाल्या.

"जगताप मोठे आहेत माझ्यापेक्षा."

"मी टीव्ही घेऊन गेलो," मी म्हटलं. "आता फ्रिजकडं चाललोय."

"थांबा हो जरा! माझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं पाहिजे, तरच कव्हर आहे. टीव्हीच्या जिवाला चालत नाही. तुम्ही माझ्याकडं या."

मी त्याच्याकडं गेलो. त्यानं रिमोट दाबला, टीव्ही लागला. मी पडलो. मग पोलीस आल्या आणि म्हणाल्या, "काय झालं?"

"ऑफिसर, मी गजानन सबनीस. मला वकील हवा." इथं थांबायचं होतं. पण थांबेल तो सबनीस कसला! "म्हणजे झालं असं, की हे आमचे शेजारी, स्वभावानं चांगले, पण मुळात मेतकुटापासून सुरुवात झाली..."

"अटक," नलूवहिनी म्हणाल्या आणि कढी उतू जात होती तिकडं पळाल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा करतात. मी गिरणीची करायचो, इकडं मुलगा लॅपटॉपची करतो. सबनीसानं पिस्तुलाची केली. गोळ्या काढून ठेवल्या होत्या, तेवढी अक्कल होती. पाटावर लाल कापड, त्यावर पिस्तूल, बाजूला सुरी, कातरी, नलूवहिनीचं पुरणयंत्र. पण सबनीसाला अर्धवट काही पटत नाही. आधी पंचामृताचं स्नान घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर. मग हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल, देठ नळीत खोचून. आरतीला अर्लही आला होता, टोपी छातीशी धरून उभा. त्यानं पाटावर वाकून बघितलं.

"सॅब," तो म्हणाला, "तू गनला योगर्ट लावलंस?"

"रिस्पेक्ट," सबनीस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पिस्तुलाचा खटका हलेना. मधानं सगळं आत घट्ट धरून ठेवलं होतं. सबनीसानं काय करावं? कार्डावरचा नंबर फिरवला. गोळी घातल्यावर करायचा तो फोन. पलीकडं टिफनी नावाची मुलगी होती. मला सगळं ऐकू येत होतं, कारण सबनीसाचा फोन कायम स्पीकरवर.

"सर, आर यू सेफ? काही प्रसंग घडलाय का?"

"होय. घडलाय."

"कुणी जखमी आहे?"

"नाही. पंचामृत."

ती बिचारी त्याचं स्पेलिंग विचारायला लागली. सबनीसानं पाचही पदार्थ सांगितले, प्रमाणासकट. ती म्हणाली, "सर, यात वकील काही करू शकणार नाही." पण पोरगी चांगली. हसली नाही. सबनीसानं तिला हॅपी दसरा म्हटलं. पिस्तुलाच्या दुकानदारानं मग साफ करून दिलं, पण कुंकवाचा लाल रंग मुठीवरून काही गेला नाही. अर्ल मात्र घरी आला आणि नलूवहिनीला म्हणाला, माझ्या ट्रकलाही तो लाल ठिपका लावा. दही नको.

ही सगळी गंमत चालली होती, पण दिवाळी जवळ येत होती आणि केतकीचा फोन येत नव्हता. नलूवहिनी करायच्या तेव्हा ती बोलायची, मीरा मागं ओरडत असायची. "बाबांना देऊ का?" म्हटलं की म्हणायची, "ते घरात आहे का अजून?" नलूवहिनी विषय बदलायच्या. सबनीस बाजूला उभा राहून ऐकायचा. फोन ठेवला की पुस्तक काढायचा आणि वाचायचा. मला वाटतं, त्यात कुठंतरी आपण बरोबर आहोत असं लिहिलेलं सापडेल म्हणून.

मग ती दुपार. नलूवहिनीनं मला आमटी पाठवली होती, तिचा डबा द्यायचा होता. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून सुनेनं त्यात तांदळाची खीर घातली. मी मागच्या दारानं गेलो. बेल नाही, हाक नाही. आमच्याकडं बेल वाजवून फक्त वसुलीवाले यायचे. कुंपणाची कडी काढली, सरकतं काच-दार ढकललं आणि आत पाय टाकला.

समोर सबनीस, कडीचा आवाज ऐकून उठलेला. एका हातात पिस्तूल, एका हातात कार्ड. दोन्ही चष्मे कपाळावर.

"स्टॉप!" तो ओरडला. मग म्हणाला, "प्लीज."

मी म्हटलं, "सबनीस, खीर सांडेल."

त्यानं डोळे बारीक केले. मी आहे हे त्याला कळेपर्यंत किती वेळ गेला देव जाणे. मला तर मंदा दारात दिसली, खरं सांगतो, आणि ती रागावलेली होती. मग त्याचा हात खाली आला. पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि स्वतः जमिनीवरच बसला. नलूवहिनी जिन्यावरून धावत आल्या. "भरलेलं आहे का ते?" त्यांनी विचारलं. सबनीसानं मान हलवली. भरलेलं होतं.

मी खीर ओट्यावर ठेवली. सबनीस पुस्तक उघडून बोटानं ओळी धुंडाळत होता. माणूस घाबरला की राम राम म्हणतो, हा पानं उलटतो.

"कव्हर होतं, जगताप," तो म्हणाला. "तुम्हाला लागली असती तरी कव्हर होतं. घरच्या माणसाला लागली तर नाही. पण तुम्ही शेजारी. शेजारी चालतो."

मला हसू आलं. एवढं हसू आलं की मलाही खाली बसावं लागलं. सबनीसही हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी. नलूवहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या उभ्याच होत्या.

"आणि मीरा?" त्या म्हणाल्या. "ती घरची ना?"

सबनीसाचं बोट त्या ओळीवर होतं. ते तिथंच राहिलं.

त्यानं परत त्या नंबरला फोन लावला. योगायोगानं टिफनीच होती. सबनीसानं विचारलं, "बाई, गोळी सुटायच्या आधीचं काही आहे का तुमच्याकडं?" त्याला नीट सांगता येईना, तरी तो तेच विचारत राहिला. ती म्हणाली, "सर, आमचं काम नंतर सुरू होतं. आधीचं आमच्याकडं काही नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला दोन लहान मुलं आहेत. मी घरात गन ठेवत नाही." नोकरी करणाऱ्या मुलीनं असं बोलायला नको होतं. बोलली, हे बरं केलं.

मला लोक विचारतात, काका, असा विमा घ्यावा का? मी अडाणी माणूस, पण मला वाटतं ते सांगतो. ज्याला पिस्तूल ठेवायचंच आहे, त्यानं खुशाल घ्यावा. अर्लच्या मेव्हण्याकडं असता तर त्याची जनावरं वाचली असती. कोर्टात आपण बरोबर ठरेपर्यंत माणूस संपतो, हे इथंही आहे आणि कराडलाही. फक्त आधी वाचा, कुणाला लागलं तर विमावाले हात वर करतात, आणि हरलात तर खर्च परत मागतात का. विमा वाईट नव्हता. गिऱ्हाईक चुकलं होतं. ज्या माणसाला खिरीचा डबा आणि चोर यातला फरक चष्म्याशिवाय कळत नाही, त्याला वकील मिळून उपयोग काय? आणि गेलेलं माणूस कोणत्या कलमात परत येतं? मी विचारून बघितलंय. नाही येत.

दुसऱ्या दिवशी सबनीस पिस्तूल त्या दुकानात परत देऊन आला. मी बरोबर होतो. दुकानदारानं मुठीवरचं कुंकू बघितलं आणि ओळखीचं हसला. विमा बंद करायला फोन केला तर पलीकडच्या माणसानं कारण विचारलं. सबनीस म्हणाला, "नात." तो माणूस म्हणाला, सर, आमच्या यादीत असं कारण नाही. सबनीस म्हणाला, "मग यादी बदला." एवढ्या थोडक्यात बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकला.

मग त्यानं केतकीला फोन केला. "गेलं," म्हणाला. एवढंच. तिकडून ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, कारण त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं फोन स्पीकरवर ठेवला नव्हता.

घरी आलो आणि सवयीनं म्हटलं, "अगं, ऐकलंस का, सबनीसानं काय केलं..." स्वयंपाकघरात सून होती. तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, "सांगा ना बाबा." मी तिला सगळं सांगितलं. ती मंदासारखी मधेमधे बोलत नाही, पण ऐकते.

दिवाळीला मीरा आली. सबनीस पुन्हा बस झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात केतकी म्हणाली, आता दोघं आमच्याकडंच या. घर विकलं. शेजारी आता केरळचं कुटुंब आहे, चांगली माणसं, बेल वाजवून येतात.

सबनीस गेला त्या सकाळची गोष्ट सांगतो आणि संपवतो. विमानतळावर न्यायला केतकीनं मोठी गाडी भाड्यानं घेतली होती. नलूवहिनी पुढं बसल्या, रडत होत्या. सबनीस माझ्याजवळ आला, काहीतरी बोलायचं होतं त्याला. तेवढ्यात मीरा गाडीतून ओरडली, "आजोबा, कम ऑन! तुझा बेल्ट!" तो गेला. मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसला. गाडीच्या विम्याची चौकशी करायला विसरला, हे माझ्या ध्यानात आलं. त्या पोरीनं स्वतः वाकून त्याचा पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला. मग अर्धं खाल्लेलं केळं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "होल्ड धिस. डोन्ट ईट."

गाडी निघाली. सबनीसाला मला हात करायचा होता, पण एक हात तिनं धरून ठेवला होता आणि दुसऱ्यात केळं. त्यानं काच खाली केली, केळंच बाहेर काढून हलवलं, आणि मग पोर ओरडल्यावर पटकन आत घेतलं.